बूट घातलेले पाहुणे

आमच्या गावात न सांगता येणारा पाहुणा गावाला आधी कळतो आणि ज्याच्या घरी तो आलाय त्याला सगळ्यात शेवटी. गाव खाडीच्या मधोमध आहे. अशा बेटाला इथे जुवं म्हणतात. चारी बाजूंनी पाणी, मध्ये थोडी घरं, नारळ, एक देऊळ, एक दुकान आणि मी. पलीकडच्या काठावर रत्नागिरीहून येणारी एसटी थांबते. तिथे उभं राहून पाहुण्याने हाळी द्यायची, की आमचा तरवाला होडी घेऊन त्याला आणायला जातो. हाळी ऐकून निम्मं गाव अंगणात येतं. कपडे वाळत घालता घालता बायका पाहुण्याचं वय, वजन आणि त्याच्या पिशवीत काय असेल हे सगळं ठरवून मोकळ्या होतात. मी त्या वेळी घरात मान खाली घालून कुठल्या तरी इयत्तेच्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चुका शोधत बसलेली असते. छापायला जाणारी पुस्तकं तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. ते कुठेही बसून करता येतं, म्हणून मी इथे बसून करते.

मी मूळची कोल्हापूरकडची. मराठीच बोलते, भातच खाते, तरी इथल्या लेखी मी परदेशातली. घाट उतरून आलेला माणूस तो घाटी, मग तो कितीही शिकलेला असो. पहिल्या वर्षी कुणी पाठीमागे ‘घाटीण’ म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता कुणी नुसतं ‘बाई’ म्हटलं तर वाटतं, याचं काहीतरी काम असणार. एका आजारपणानंतर हवापालट म्हणून मी दोन महिन्यांसाठी आले होते. मैत्रिणीच्या ओळखीतलं एक रिकामं घर होतं, निळ्या दाराचं, आंब्याखालचं. त्या दोन महिन्यांची सात वर्षं झाली आणि आजारपण कुठलं होतं ते आता मलाही नीट आठवत नाही.

पाहुण्यांचं सांगायचं तर आधी इथली एक रीत सांगायला हवी. निघालेल्या माणसाला ‘कुठे’ म्हणून विचारायचं नाही. मासे मारायला निघालेल्याला कुणी ‘कुठे चाललास’ म्हटलं, की तो तसाच मागे फिरतो, जाळं भिंतीला टेकवतो आणि दिवसभर विचारणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसतो. मी पहिल्या महिन्यात किमान चार जणांची मासेमारी अशी बुडवली. आमच्याकडे तर ‘कुठं निघालाय?’ हा रामराम असतो. पाण्यावर हा नियम आणखी कडक. होडीत बसलेल्याला तरवाला कुठे, कुणाकडे, कशासाठी, यातलं काही म्हणजे काही विचारत नाही. पण उतरलेल्या नवख्या माणसाला वाट तर दाखवायला हवी. म्हणून त्याने आपली एक युक्ती काढली आहे. तो पायांकडे बघतो. चपला हातात घेऊन होडीत चढला, तर माणूस गावातल्या कुणाचा तरी नातेवाईक. त्याला चिखल माहीत आहे, म्हणजे घरही माहीत असणार. बूट घालून चढला, तर तो माझा.

या युक्तीपायी माझ्या पडवीत आजवर कोण कोण येऊन बसलंय! मतदारयादीवाले मास्तर, पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक घामाघूम मुलगा, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं जोडपं आणि त्यांची छत्री धरणारा मावसभाऊ, हरवलेल्या बोकडाच्या शोधात दोन ढब्बू गृहस्थ. मी सगळ्यांना काळा चहा देते, कुणाकडे जायचंय ते विचारते आणि पुढे लावून देते. घरात माणूस बसल्यावर विचारायला हरकत नाही, एवढी सूट त्या रीतीत आहे.

आणि हा पाहुणा पटकन जातही नाही. ओहोटी लागली की धक्क्यापाशी पाणी उरत नाही, गुडघाभर चिखल उरतो. मग भरती येईपर्यंत होडी बंद. ‘पाच मिनिटं डोकावून जातो’ म्हणून आलेला माणूस माझ्याकडे जेवतो, माझ्या चटईवर घोरतो, माझी पुस्तकं चाळून नाक मुरडतो आणि संध्याकाळी जातो. जाताना प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, ‘कंटाळा नाही येत?’ त्याला माझं उत्तर ठरलेलं आहे, ‘येतो, पण तुमच्यासारखं कुणी आलं की जातो.’ खूश होऊन जातात बिचारे.

माझा स्वतःचा म्हणावा असा पाहुणा एकच, माझा धाकटा भाऊ. तो वर्षातून दोनदा गुळाची ढेप, कांदालसूण चटणीचा डबा आणि एकच वाक्य घेऊन येतो. ‘आक्का, बास झालं आता. चल घरला.’ मी लग्न केलं नाही, तेव्हा म्हातारपणी मी त्याच्याकडे यायचं हे त्याने परस्पर ठरवून टाकलंय. वरच्या मजल्यावर माझ्यासाठी खोली बांधून रंगवून ठेवली आहे. गेल्या खेपेला त्याने फार गळ घातली, माझेही गुडघे कुरकुरायला लागले होते, म्हणून मी म्हणून गेले, ‘दिवाळीनंतर बघू.’ माझं ‘बघू’ ऐकून त्याचे डोळे भरून आले. मला वाईट वाटलं आणि रागही आला.

आता तरवाल्याकडे येते, कारण ही गोष्ट त्याची आहे. तो माझ्या शेजारच्या काकीचा मुलगा. पस्तिशी उलटलेला, अबोल, कामाला वाघ. मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये बरी नोकरी होती. वडील गेले तेव्हा ही तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, चालवायला कुणी उरलं नाही आणि तो परत आला. त्याच्या लग्नाचा विषय आमच्या दोन अंगणांत रोज निघायचा. स्थळं यायची, मुलगा पसंत पडायचा, आणि मग मंडळी खाडी बघायची. ‘माझा पोरगा कुणाला नको नाय गो बाय,’ काकी म्हणायची, ‘पानी नको हाय सगळ्यांना.’ आजकालच्या मुली इथे नांदायला तयार नाहीत. अडलेलं बाळंतपण, परीक्षेला निघालेलं पोर, सगळं भरती-ओहोटीच्या हातात. मला तर त्या मुलींचं काही चुकतंय असं वाटत नव्हतं. पण संध्याकाळी काम संपवून हा एकटाच पायरीवर बसलेला दिसला की मी उगाच त्याच्यासाठी चहा टाकायचे. एकटं राहायचं मी ठरवलं होतं. त्याने ठरवलं नव्हतं.

काकीला भीती होती ती वेगळीच. लग्न जमलं नाही तर एक दिवस हा बॅग भरून मुंबईला जाईल आणि पुन्हा येणार नाही, हे तिच्या मनाने घेतलं होतं. म्हणून खेडकडचं स्थळ आलं तेव्हा तिने देव पाण्यात ठेवले. मुलगी खेडला दातांच्या एका दवाखान्यात कामाला. फोटोंची देवाणघेवाण झाली. मुलाचा फोटो स्टुडिओत काढलेला, कोट घातलेला, केस चापून बसवलेले, मागे खोटा धबधबा. मध्यस्थामार्फत काकीने दोन गोष्टी कळवल्या. एक, मुलाची स्वतःची बोट आहे. दोन, गावाला पूल मंजूर आहे. पहिली गोष्ट होडीला बोट म्हटलं तर खरी होती. दुसरी ती मला सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

मंडळी दिवाळीच्या आसपास बघायला येणार असं ठरलं. काकीने घर रंगवून घेतलं, लाल खुर्च्या आणल्या, त्यांचं प्लास्टिकचं वेष्टन तसंच ठेवलं. पण मुलीकडची माणसं कधी कधी हुशारी करतात. सांगून गेलं की सगळं मांडून ठेवलेलं दिसतं, म्हणून न सांगता घर बघायला जातात.

तर दसऱ्यानंतरची एक सकाळ. मी ज्वालामुखीच्या धड्यात होते. दारात तिघं उभी. काळे चकचकीत बूट घातलेले एक गृहस्थ, जरीच्या काठाची साडी नेसलेल्या एक बाई, आणि हल्लीच्या मुली स्कूटरवर गुंडाळतात तसा तोंडभर स्कार्फ गुंडाळलेली, पायात खेळायचे बूट घातलेली एक मुलगी. होडीने सोडून तरवाल्याने आपणहून बोट दाखवलं होतं, ‘वरती, निळ्या दाराचं.’ पाणी उतरायला लागलेलंच होतं. मी मनात म्हटलं, संपला आजचा दिवस, भाताला एक वाटी वाढवावी लागणार.

‘या, बसा,’ म्हणून मी चहाला आत वळले, तर बाई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात. त्यांनी पाण्याच्या पिंपाचं झाकण उचललं, आत पाहिलं, ठेवलं. तांदळाच्या डब्याचं उचललं. मग मागच्या दाराने न्हाणीघर बघून आल्या. मी बघतच राहिले. फुकटे फोटोवाले परवडले, पण हे काय?

‘पाणी कुठून भरता?’

‘विहिरीवरून. उन्हाळ्यात पलीकडून होडीने आणावं लागतं.’

‘होडीने,’ त्यांनी बाहेर बघून मोठ्याने सांगितलं. बाहेर ते गृहस्थ छपराचे वासे मोजत होते. ‘आणि घरात ही एवढी पुस्तकं कुणाची?’

‘माझी.’

‘आणि कप एवढे दोनच?’

‘मला दोन हात आहेत,’ मी म्हटलं. माझा पारा चढायला लागला होता.

बाई जरा वरमल्या. पदर सावरून गोड आवाजात म्हणाल्या, ‘रागावू नका. आम्हाला मुलीचं बघायला हवं ना. मुलगा कामावर गेलाय का?’

‘कुणाचा मुलगा?’

‘तुमचा.’

‘मला मुलगा नाही. लग्नच नाही केलं मी.’

बाई मला पडवीत घेऊन आल्या. गृहस्थांनी खिशातून मोबाईल काढला, माझ्या नाकासमोर धरला. खोट्या धबधब्यापुढे आमचा तरवाला कोट घालून उभा. ‘मग हा कोण?’

मी मटकन चटईवर बसले. हसू आवरेना, आणि हसायची सोयही नव्हती. ज्यांच्यासाठी काकीने खुर्च्यांचं प्लास्टिक काढलं नव्हतं, ती माणसं माझ्या पिंपात डोकावून चुकली होती. आणि काकी कालवांची पाटी घेऊन पहिल्या होडीने रत्नागिरीला बाजारात गेलेली. तिच्या दाराला कडी. ती आता भरतीशिवाय परतायची नाही आणि ही मंडळी भरतीशिवाय जायची नाहीत. तोवर मुलाकडची म्हणून त्यांच्यासमोर होते ती मी एकटी, आणि गोड बोलण्याबद्दल माझी ख्याती नाही.

मी सगळं सांगितलं. हे घर त्यांचं नाही, शेजारचं त्यांचं, आणि बूट दिसले की हा सगळ्यांना माझ्याकडे लावून देतो. ‘हा म्हणजे कोण?’ बाईंनी विचारलं. त्या मुलीच्या आत्या होत्या, गृहस्थ मामा.

‘तुम्हाला घेऊन आला तोच.’

‘तो उघडा, डोक्याला टॉवेल बांधलेला?’ मामांचे डोळे पांढरे झाले. ‘स्वतःची बोट म्हणाले होते. आम्हाला वाटलं लाँच असेल.’

‘मला होडीतच कळलं होतं,’ मुलगी पहिल्यांदाच बोलली. स्कार्फ सोडून ती खांबाला टेकून बसली होती. चेहरा शांत, डोळे मात्र सगळीकडे फिरणारे.

‘आणि गप्प बसलीस?’ आत्या म्हणाल्या.

‘मला कुणी विचारलं?’

आत्या काही कच्च्या नव्हत्या. त्यांनी झटकन विचार बदलला. ‘एका अर्थी बरंच झालं. खरं काय ते शेजारीच सांगतात.’ आणि चहाचा घोट घेऊन त्यांनी सुरुवात केली. पितो का? सणासुदीला थोडी. तापट आहे का? एंजिन बंद पडलं तर एंजिनावर चिडतो, माणसांवर नाही. आई कशी आहे? बोलते फार, पण मनात ठेवत नाही. डॉक्टर? पलीकडे. रात्री-अपरात्री? त्याच्याच घरी होडी आहे, तेव्हा इतरांपेक्षा बरं. इथपर्यंत माझी गाडी बरी चालली होती. मग मामांनी विचारलं, ‘पूल कधी होतोय?’

मला क्षणभर काकीचा चेहरा दिसला. एक ‘होईल हो’ म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? पण ती मुलगी माझ्याकडेच बघत होती. आणि खोटं बोलून तिला इथे आणायचं आणि मग रोज कुंपणावरून तिला बघायचं, हे मला जमलं नसतं. ‘मी आले तेव्हापासून ऐकतेय,’ मी म्हटलं. ‘अजून एक खांब पाहिलेला नाही.’

मामा आणि आत्यांनी एकमेकांकडे पाहिलं. झालं, मनात म्हटलं, काकीच्या लेकाचं लग्न मी काळ्या चहात बुडवलं. मी भात चढवायला उठले. मुलगी मागून आत आली आणि न सांगता नारळ खोवायला बसली.

‘काकू, तुम्हाला इथे कुणी आणलं?’

‘कुणी नाही. माझी मी आले.’

‘मग परत का नाही गेलात?’

माझं ठरलेलं उत्तर ओठावर आलं होतं, पण तिला द्यावंसं वाटेना. ‘पहिल्या वर्षी रोज जावंसं वाटायचं,’ मी म्हटलं. ‘चिखल, वास, दिवसदिवस लाईट नाही. एकदा तर विहिरीवर बसून रडले मी. पण आमच्याकडे उंबरा ओलांडला की पहिला प्रश्न, कुठं? कुणाबरोबर? परत कधी? पन्नाशीला आले तरी भाऊ विचारायचा. इथे कुणी विचारत नाही. आणि न विचारताही मी परत आले की नाही यावर लक्ष असतं सगळ्यांचं. मला तसं बरं वाटतं.’

ती खोवत राहिली. मग म्हणाली, ‘आमच्याकडे दवाखान्यातून यायला उशीर झाला की तीन फोन येतात.’ आणि थोड्या वेळाने, ‘म्हणजे तुम्ही आता इथेच?’

‘छे गं. भावाने खोली रंगवून ठेवलीय. दिवाळीनंतर बघू म्हटलंय त्याला.’

तिचा खोवता हात थांबला.

जेवणं व्हायच्या आधी तरवाला आला. ओहोटीत अडकलेल्या माझ्या पाहुण्यांना तो नेहमीच काहीतरी आणून देतो. आज कालवं होती. पायरीवर उकिडवा बसून तो कोयतीने एकेक शिंपला फोडायला लागला. मुलीने स्कार्फ पुन्हा गुंडाळला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, सांगू नका. आत्या तोंडाला पदर लावून बसल्या. मामा छपराकडे बघायला लागले. मी पाण्याचा तांब्या दोनदा विसळला.

‘इथे लग्न करून कुणी येतं का हो?’ मुलीने त्याला विचारलं.

‘नाय येत,’ तो शिंपल्याकडे बघत म्हणाला. ‘बरोबरच हाय त्यांचं.’

‘तुमचं झालंय?’

‘आये बघतेय. खेडकडची हाय. पण आयेने त्यांना पूल होणार म्हणून सांगितलंय. मी पुढल्या रविवारी जाऊन सांगून येणार, पूलबिल काय नाय म्हणून.’

‘मग ते नाही म्हणतील.’

‘म्हणू देत. फसवून आणली तर ती रोज समोर असणार. तिला तोंड कसं दाखवायचं?’

मामा खोकले. मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू. मी कांदा शोधायला आत गेले आणि लगेच बाहेर आले, कारण एक शब्द चुकवायचा नव्हता.

मुलीने शांतपणे स्कार्फ सोडला. ‘आणि त्या मुलीला काही विचारणार आहात,’ ती म्हणाली, ‘की नुसतं सांगून येणार?’

त्याने वर पाहिलं. हातातला शिंपला पायरीवरून गडगडत अंगणात गेला. कोयती खाली ठेवून तो उठला आणि निघून गेला. कुंपणाच्या गडग्यावरून उडी मारून, आपल्या घराची कडी काढून, आत.

‘पळाला,’ आत्या म्हणाल्या.

आम्ही चौघं त्या दाराकडे बघत बसलो. आतून बादली आपटल्याचा आवाज आला. मग तो बाहेर आला तो फोटोतला शर्ट घालून, केस ओले, चापून बसवलेले, आणि घाईत शर्टाचं एक बटण वरखाली लावलेलं. गडगा या वेळी त्याने फाटकातून येऊन टाळला. पुन्हा त्याच पायरीवर बसला, कोयती उचलली आणि त्या पांढऱ्या शर्टात राहिलेली कालवं फोडायला लागला. सगळ्यात आधी मामा हसले. मग आत्यांनी पदर सोडला. तो मान वर करायला तयार नव्हता, कान लालबुंद.

शेवटचं कालव फोडून त्याने विचारलं, ‘तुम्हाला पाण्याची भीती वाटते?’

‘वाटते,’ मुलगी म्हणाली. ‘पण येताना नाही वाटली.’

एवढंच. जेवताना कुणी लग्नाचं बोललं नाही. आत्यांनी कालवांचं सुकं दोनदा मागून घेतलं. चारच्या सुमाराला पाणी चढलं, तेव्हा मीही त्यांना पोचवायला होडीत बसले. पलीकडच्या काठावर काकी रिकामी पाटी घेऊन उभी. लेकाच्या अंगावर तो शर्ट पाहून ती चक्रावली, मग तिची नजर बुटांवर गेली आणि तिला आपलं उत्तर मिळालं. ‘बायचे पावने काय?’

‘नाय,’ तो म्हणाला. ‘आपले.’

काकीने तिघांकडे पाहिलं, मुलीकडे जरा जास्तच. तिच्या हातातून पाटी सुटली. मग तिने पूल, बोट, सगळं विसरून मुलीचा हात धरला आणि ‘चाय तरी घेतलीत काय?’ एवढंच विचारलं. एसटी आली आणि मंडळी गेली.

नंतरचे दिवस वाईट गेले. काकीने माझ्याकडून सगळं दहा वेळा वदवून घेतलं. पुलाचं मी काय सांगितलं ते ऐकून एक दिवस माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशी स्वतःच येऊन पडवीत बसली. ‘तू खरा तेच बोललीस. माझाच जीव घाबरा झालता,’ म्हणाली. मध्यस्थाचा फोन लागत नव्हता. तरवाला नेहमीसारखा होडी मारत होता, फक्त रोज दाढी करत होता. ते तर मला बघवेना.

मग एका सकाळी माझा फोन वाजला. मुलीने जाताना माझा नंबर घेतला होता, ते मी विसरूनच गेले होते.

‘काकू, आत्या हो म्हणतेय, मामा नको म्हणतायत, घरी रोज भांडण चाललंय,’ ती म्हणाली. ‘मी कुणालाच काही सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला विचारते. तुम्ही दिवाळीनंतर जाणार आहात का?’

‘माझं काय मध्येच?’

‘मला तो आवडलाय. नोकरी मी रत्नागिरीला बघीन, होडीने जाईन-येईन. पण त्या गावात आपल्या मनाने राहायला आलेली बाई तुम्ही एकटीच आहात. मी आले तर दुसरी होईन. दुसरी व्हायची माझी तयारी आहे. तुम्ही गेलात तर मी तिथे एकटीच होईन. तेवढी माझी हिंमत नाही.’

इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला मी ऐटीत सांगत आले होते, माझं काय, मी इथली थोडीच, उद्या वाटलं तर उद्या जाईन. गडग्यापलीकडे काकी मासे धूत होती. फोन कुणाचा ते तिला कळलं असावं. ओले हात तसेच धरून ती माझ्याकडे बघत उभी होती.

‘मी कुठे जात नाही,’ मी म्हटलं. ‘तू ये.’

मग मी भावाला फोन लावला आणि वरची खोली भाड्याने दे म्हणून सांगितलं. तो पुन्हा तेच एक वाक्य म्हणाला, मग खोलीच्या रंगाचा खर्च मोजायला लागला. मी फोन न ठेवता सगळं ऐकून घेतलं.